डालग्याबाहेरच्या कोंबड्या

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत परदेशी जाऊन आलेली तीन जोडपी आहेत. ती परत आली की सगळ्यांना गच्चीवर बोलावतात आणि चिवड्याच्या बशीबरोबर फोटोंचे आल्बम हातात देतात. नको म्हणायची सोय नसते, कारण चिवडा आधीच खाल्लेला असतो. मी या नाताळच्या सुट्टीत पनवेलला जाऊन आले. परत आल्यावर तळमजल्यावरच्या काकूंनी एवढंच विचारलं, "लग्न होतं की मयत?" पनवेलला जायला डोंबिवलीच्या माणसाकडे तिसरं कारण असेल, हे त्यांना पटेना. आल्बम माझ्याकडे नाही. कॅमेऱ्याचा पट्टा तिसऱ्याच दिवशी बकरीने खाल्ला आणि कॅमेरा शेणात पडला. म्हणून हे लिहून काढते आहे.

कारण होतं ते असं. आमच्या घरी कपडे भिजत घालण्याआधी खिसे तपासायचं काम माझं. लग्नाला बावीस वर्षं झाली, तेव्हापासून. बसची तिकिटं, नाटकाची तिकिटं, पेनाचं टोपण, एकदा अर्धा पेढा, असं काय काय ह्यांच्या खिशातून निघालेलं आहे. डिसेंबरातल्या एका मंगळवारी राजीनामा निघाला. टाइप केलेला, सहीसकट, फक्त तारीख टाकायची राहिलेली. बँकेतली नोकरी सोडून "उर्वरित आयुष्य मातीच्या आणि प्राण्यांच्या सान्निध्यात" घालवण्याची इच्छा त्यात व्यक्त केली होती. ज्या माणसाला सोसायटीतलं मांजर जिन्यात आडवं बसलेलं असलं की खालून मला हाक मारावी लागते, त्या माणसाने हे लिहिलं होतं.

मी कागद वाळत घातलेल्या टॉवेलशेजारी चिमट्याला लावून ठेवला. संध्याकाळी ह्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, "मी सांगणारच होतो."

"कधी? तारीख टाकल्यावर?"

मग बापूचं नाव निघालं. बापू म्हणजे ह्यांचा कॉलेजातला मित्र. वीस वर्षं एका रंगाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. तीन वर्षांपूर्वी सगळं सोडून पनवेलजवळ चार एकर जमीन घेऊन बसला. सेंद्रिय शेती, मोकळी गुरं, मोकळ्या कोंबड्या. दर महिन्याला ह्यांना त्याचं पत्र येई आणि ते वाचून हे दोन दिवस खिडकीबाहेर बघत बसत. आमच्या खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचं ड्रेनेज आहे.

शेवटी तोड निघाली. ह्यांनी बँकेतून महिन्याची रजा घ्यायची. माझी नाताळची सुट्टी सुरू झाली की दोघांनी चार दिवस बापूकडे राहायचं आणि रविवारी संध्याकाळी ठरवायचं. जमलं तर राजीनाम्यावर तारीख पडेल, मी शाळेतली नोकरी सोडेन आणि आपण दोघं कोंबड्यांमागे जाऊ. नाही जमलं तर कागद फाडायचा. मी हो म्हणाले खरी. माझी शाळा, माझे गणिताचे वर्ग, मी हप्ते भरून घेतलेलं घर, हे सगळं एका कागदावर होतं आणि तो कागद ह्यांच्या खिशात होता.

गुरुवार

कल्याणहून एसटीने पनवेल, तिथून रिक्षाने सुकापूर. सुकापुरात जिकडेतिकडे इमारतींचे सांगाडे उभे राहताहेत आणि प्रत्येक सांगाड्यावर 'निसर्गाच्या कुशीत' अशी पाटी आहे. निसर्ग आणखी दोन मैल पुढे सरकलेला होता. समोर प्रबळगड, डाव्या हाताला गाढी नदीचं उरलंसुरलं पाणी, आणि एका फाटक नसलेल्या फाटकावर बापूची पाटी: 'मोकळीक'.

फाटक का नाही, हे बापूने आम्ही पिशव्या खाली ठेवायच्या आतच सांगितलं. "वहिनी, फाटक हा अविश्वास आहे."

बापू अंगाने सुटलेला, दाढी वाढवलेला, अंगात खादीचा सदरा. सदरा पांढराशुभ्र आणि कडक इस्त्रीचा होता. चार एकर मातीत राहणाऱ्या माणसाचा सदरा इतका पांढरा कसा, हे कोडं मला दुसऱ्या दिवशी उलगडलं. त्याची बायको पार्ल्यात असते. तिला धुळीची ऍलर्जी आहे, त्यामुळे ती वर्षातून दोनदा येते. बापूचे कपडे मात्र दर आठवड्याला पार्ल्याला जातात आणि धुऊन परत येतात.

'मोकळीक'मध्ये दोन गाई, एक वासरू, चार बकऱ्या आणि बावीस कोंबड्या होत्या. यातलं कुणीही बांधलेलं नव्हतं. दावं नाही, खुंटा नाही, खुराडं नाही. "आपण त्यांचे मालक नाही. सहनिवासी," असं बापू म्हणाला. ह्यांनी ते लगेच वहीत लिहून घेतलं. ह्यांनी नवी वही आणली होती हे मला तेव्हा कळलं.

चहा आला. दूध पावडरचा. मी दोन गाईंकडे पाहिलं, मग कपाकडे पाहिलं.

"वासरू मोकळं असतं ना," बापू समजुतीने म्हणाला. "त्याला हवं तेव्हा, हवं तितकं पितं. उरलं तर आपलं."

"आणि उरतं कधी?"

"अजून नाही उरलेलं."

भाजीच्या वाफ्यांचंही तसंच होतं. बापूने मेथी, मुळा, वांगी सगळं लावलं होतं, रासायनिक खताचा कणही न घालता. वाफे पाहायला गेलो तर तिथे चार बकऱ्या रवंथ करत बसल्या होत्या. त्यांच्याइतकं शुद्ध सेंद्रिय जेवण मुंबईत कुणाला मिळत नसेल. आम्हाला मात्र रात्री मोड आलेले कच्चे मूग आणि पनवेलच्या बाजारातले टोमॅटो मिळाले. माझं माहेर अलिबागचं. ताटात मासळी, ओली नाही तर निदान सुकी तरी, असायचीच, अशा घरात मी वाढले. मूग चावता चावता माझा जबडा दुखायला लागला.

"किती हलकं वाटतं नाही?" हे म्हणाले. मला वाटलं, ते भुकेमुळे असावं.

शुक्रवार

सकाळी बापूने कोंबड्यांची ओळख करून दिली. त्या आंब्याच्या झाडावरून खाली उतरत होत्या, कारण खुराडं नसल्याने झोपायला झाडावरच जातात. त्यातली एक उघड्या मानेची होती. मानेवर एकही पीस नाही, तांबूस कातडी तेवढी. बापूने तिचं नाव 'मुक्ता' ठेवलं होतं. बाकीच्या सारख्याच दिसत असल्याने त्यांना नावं नव्हती.

"अंडी किती देतात?" मी विचारलं. गणिताच्या बाईला दुसरं काय सुचणार!

"देतात हा शब्दच चुकीचा आहे वहिनी. घालायचं की नाही हा त्यांचा निर्णय. गेल्या महिन्यात त्यांनी एकही नाही घातलं." त्याचा चेहरा क्षणभर पडला, मग तो सावरला. "देशी कोंबडी आत्ममग्न असते."

"मग कालपासून टोपलीत ठेवलेली अंडी?"

"ती रविवारच्या पाहुण्यांसाठी. शेजारच्या पोशीबाईकडून विकत घेतो."

रविवारी मुंबईहून एका निसर्गप्रेमी मंडळाचे तीस लोक 'मोकळीक' बघायला येणार होते. त्यांच्यासमोर बापूचं भाषण, मग न्याहारी, मग पुन्हा भाषण.

पोशीबाईची ओळख त्याच सकाळी झाली. ती अंगण झाडायला येते. पन्नाशीची, काटक, लुगडं गुडघ्याच्या वर घट्ट कसलेलं. नवरा न्हावा-शेव्याला बंदरात कामाला, मुली लग्न होऊन गेलेल्या. तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, "बाय, रातीला काय जेवलीस?"

मी सांगितलं.

"मूग? कच्चं?" तिने झाडू खाली टाकला. "चल माजे घरा. भाकर हाय."

नाही म्हणायला माझ्या अंगात ताकद नव्हती. निरगुडीच्या कुंपणाला एक भगदाड होतं, त्यातून वाकून आम्ही पलीकडे गेलो. पोशीबाईच्या ओटीवर बसून मी तांदळाची गरम भाकरी आणि करंजा बंदराकडच्या सुकटीचं, कांदा भरपूर घातलेलं सुकं खाल्लं. दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी तिने न विचारता वाढली. चहाला म्हशीचं दूध होतं. ती म्हैस गोठ्यात खुंट्याला बांधलेली होती आणि माझ्याकडे अगदी समाधानाने बघत होती.

तेवढ्यात कुंपणाच्या भगदाडातून एक कोंबडी आत आली. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी. घाई नाही, गडबड नाही, बँका उघडताना कारकून आत जातात तशा. पडवीच्या कोपऱ्यात पेंढा घातलेल्या चार टोपल्या होत्या. एकेक कोंबडी एकेका टोपलीत जाऊन बसली, बाकीच्या पाळीची वाट बघत उभ्या राहिल्या. पहिल्या टोपलीतल्या कोंबडीची मान उघडी होती.

"पोशीबाई," मी म्हणाले, "ही मुक्ता ना?"

"ती? ती बोरकी." मान बोडकी, म्हणून बोरकी. पोशीबाईने भाकरी उलटली. "माजीच व्हती. सगल्याच माज्या. बापूभावाने माजेकडशीच घेतल्या."

मग तिने सगळं सांगितलं, लपवाछपवी न करता. मी ते इथे उतरवून ठेवते, कारण या सबंध प्रवासात शिकण्यासारखं एवढंच मिळालं.

कोंबडी विकत आणली की ती मोकळी सोडत नाहीत. तिच्यावर डालगं घालतात. डालगं म्हणजे बांबूची मोठी, उलटी घालायची टोपली. तिच्याखाली तीन दिवस तिला ठेवायची, तिथेच दाणापाणी द्यायचं. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला बाहेर काढून, काखेत धरून चुलीभोवती तीन फेऱ्या घालायच्या. मग ती त्या घरची. हे केलं नाही तर कोंबडी दिवसभर तुमच्या अंगणात चरेल, पण अंडं घालायला जिथे वाढली तिथे जाईल.

"मी बोलली त्याला," पोशीबाई म्हणाली. "भाव, तीन दीस डालग्याखाली घाल. त मनाच बोलतं, पोशीबाय, ही गुलामगिरी हाय. मंग आंडी येवाला लागली माजे घरा. तवा बी मी गेली. भाव, तुजी आंडी माजेकरं हायत, घेवन जा. त बोलतं, नाय नाय, कोंबरीने जिथं घातला तिथं तिचा निर्णय."

"मग?"

"मंग काय? इकते त्यालाच." तिने मुक्ताच्या पोटाखाली हात घालून अंडं काढलं आणि टोपलीत एक अंडं तसंच राहू दिलं, म्हणजे बाकीच्यांना जागा पटावी. "मी काय बोलवाला जाते त्यांना? माजे घरा वाढल्या, माजे घरा येतान."

मला इतकं हसू आलं की सुकटीचा ठसका लागला. बापू आपल्याच कोंबड्यांची अंडी विकत घेत होता, आणि वर त्या आत्ममग्न आहेत असं समजत होता.

दुपारी मी हे ह्यांना सांगितलं. वाटलं, मोठ्याने हसतील आणि कागद फाडतील. हे हसले नाहीत. वही मिटून म्हणाले, "तू इथे आलीस तीच दोष काढायला."

"अहो, मी डोळ्यांनी पाहिलं."

"एक आठवण सांगू? आपण फ्लॅट घेताना मला कुणी विचारलं नव्हतं. तू आणि तुझ्या दादाने ठरवलंत. मी सही केली."

हे खरं होतं. बावीस वर्षांत ते कधी बोलले नव्हते, म्हणून मला ते माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मुगाची वाटी आली ती खाल्ली.

शनिवार

या दिवशी तीन गोष्टी घडल्या.

पहिली म्हणजे सकाळी गाय संडासाच्या दाराला टेकून बसली. संडास घरापासून लांब, शेवग्याखाली. मी गाईला हाड हाड केलं. बापू धावत आला. "वहिनी, नको. ती उठेल तेव्हा उठेल." गाय पाऊण तासाने उठली. तो पाऊण तास मी प्रबळगडाकडे बघत काढला. गड सुंदर आहे असं लोक सांगतात. मला त्याच्याबद्दल काहीही बोलायचं नाही.

दुसरी म्हणजे बकरी आणि कॅमेऱ्याचा पट्टा. ती सांगून झाली.

तिसरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. आंब्याखाली पिसं पसरली होती. रात्री रानमांजर येऊन एक कोंबडी घेऊन गेलं होतं. बापूने हात जोडले आणि म्हणाला, "निसर्गाने आपला वाटा घेतला. ही या महिन्यातली पाचवी." आवाज गहिवरला होता. नाटक नव्हतं ते, मी शपथेवर सांगते. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. फक्त चार फळ्या ठोकून खुराडं करावं एवढं वाईट वाटलं नव्हतं. मला भयंकर राग आला. ज्याला रात्री पार्ल्याला निघून जायची सोय आहे, त्याने दुसऱ्याला झाडावर झोपवून त्याला स्वातंत्र्य म्हणावं, ही मोठी सोयीची गोष्ट आहे.

हे मात्र पिसं गोळा करून वहीत ठेवत होते. मी पाठमोऱ्या ह्यांच्याकडे पाहिलं. सदऱ्याच्या खिशातून कागदाची कड दिसत होती. पहिल्यांदा मला वाटलं, हे खरंच राहतील. मग मी काय करू? माझ्यावर कोण डालगं घालणार?

संध्याकाळी मी पोशीबाईकडे गेले. ती रविवारी मडक्यात भाजायच्या पोपटीसाठी वालाच्या शेंगा निवडत होती. मीही बसले निवडायला. हातांना काम मिळालं की मला विचार करता येतो. बापूने ऐकलं नाही, ह्यांनी ऐकलं नाही. पण डोळ्यांना दिसलं तर? तीस माणसांच्या देखत दिसलं तर?

"पोशीबाई, कोंबड्या किती वाजता येतात?"

"सूर्य वर आला का येतान. नवाचे सुमाराला."

रविवार

साडेआठला बस आली. निसर्गप्रेमी मंडळी उतरली. बहुतेकांनी नवे कोरे पांढरे बूट घातले होते. एका बाईंनी उतरल्या उतरल्या डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. त्या उकिरड्याशेजारी उभ्या होत्या.

बापूचं भाषण सुरू झालं. मोकळीक, विश्वास, सहनिवास. हे पहिल्या रांगेत, वही उघडी. नऊ वाजत आले. मुक्ताने मातीत एकदा दोनदा उकरलं, मान वर केली आणि चालू लागली. तिच्यामागे बाकीच्या निघाल्या. बापूच्या पायांमधून, पाहुण्यांच्या बुटांवरून, रांगेने, थेट कुंपणाच्या भगदाडाकडे.

मी उभी राहिले. "मंडळी," मी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "या कोंबड्या अंडी कुठे घालतात ते बघायचंय का कुणाला?"

सगळ्यांना बघायचं होतं. भाषण ऐकण्यापेक्षा काहीही चाललं असतं. तीस माणसं वाकून वाकून निरगुडीतून पलीकडे गेली. पोशीबाई ओटीवर उभी होती. पडवीत चार टोपल्या, चार कोंबड्या, बाकीच्या पाळीत. मुक्ता उठली, ओरडली, आणि तिच्याखाली अंडं होतं.

"या कोंबड्या बापूंच्या आहेत," मी म्हणाले. "आणि अंडी रोज इथे पडतात. बापू ती रोज विकत घेतात."

ह्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. बापू लाल झाला. मला वाटलं, झालं. आता कागद फाटणार.

बापूने घसा साफ केला. दाढीवरून हात फिरवला. आणि अतिशय हळू आवाजात म्हणाला, "मित्रांनो, मी तीन वर्षं शब्द शोधत होतो. आज या कोंबडीने तो दाखवला. ज्याला आपण आपलं म्हणतो, ते आपल्याकडे राहिलंच पाहिजे असा आग्रह सोडणं... ही खरी मोकळीक."

टाळ्या पडल्या. उकिरड्यापाशी श्वास घेणाऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लगेच पोशीबाईकडून सहा अंडी घेतली, मग दुसऱ्यांनीही घेतली. पोशीबाईने भाव तिथल्या तिथे वाढवला. सगळ्यात जास्त वेळ टाळ्या ह्यांनी वाजवल्या.

पोपटी झाली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, कांदे, बटाटे, अंडी, वरून पुन्हा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. मडकं उघडलं तेव्हा जो वास सुटला त्यासाठी मी पुन्हा पनवेलला जायला तयार आहे. पण त्या दिवशी माझं पान तसंच राहिलं. कारण शेंगा सोलता सोलता हे सगळ्यांसमोर म्हणाले, "मी इथेच राहतोय." माझ्याकडे बघितलंही नाही.

पुन्हा टाळ्या.

मी पिशवी भरली. ह्यांचे टॉवेल, दाढीचं सामान, ब्लडप्रेशरच्या गोळ्या काढून ठेवल्या. रडू येत होतं, पण बापूसमोर रडायचं नव्हतं, त्याने त्यालाही काहीतरी नाव दिलं असतं. हे फाटकापर्यंत आले. "तारीख अजून टाकलेली नाही," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "गोळ्या सकाळच्या आहेत."

पोशीबाई रस्त्यापर्यंत सोबत आली. रिक्षा येईपर्यंत आम्ही उभ्या होतो.

"बाय, तुजा मालक त राहला गो."

"हो ना."

तिने पदराने तोंड पुसलं. "बापूभाव त्याला डालग्याखाली घालील?"

"बापू? तो कुणालाच घालत नाही."

"मंग तीन दीस बघ," पोशीबाई म्हणाली आणि रिक्षाला हात केला.

बुधवार

सोमवारी मी घर झाडलं. मंगळवारी माळा काढला. खोटं कशाला बोलू, दोन्ही दिवस जिन्यात पावलं वाजली की मी हातातलं काम थांबवत होते. फ्लॅटचा विषयही डोक्यातून जाईना. खरंच विचारलं नव्हतं मी. त्यांनी मोठी बाल्कनी हवी म्हटलं होतं, एवढं आता आठवलं.

बुधवारी सकाळी सव्वानऊला दार वाजलं. दारात हे. दाढी वाढलेली, गळ्यापर्यंत ओरखडे, चपलेचा एक अंगठा तुटलेला, सदऱ्यावर पाठभर शेण. हातात पोशीबाईची कापडी पिशवी.

"मफलर विसरलो होतो," हे म्हणाले.

"बरं."

"थंडी फार आहे तिथे. घेतो आणि परत जातो."

"बरं. चहा घ्या आधी."

चहा आमच्या पिशवीतल्या दुधाचा होता. हे दोन कप प्याले. मग त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले, ड्रेनेजच्या खिडकीकडे तोंड करून, आणि पाय लांब केले. मुक्ता टोपलीत बसली होती तेव्हा तिचा चेहरा असाच झाला होता. मी मफलर काढून समोर ठेवला. तो त्यांनी मांडीवर घेतला आणि तसाच राहू दिला.

"बाल्कनीला जाळी लावून तुळस, मिरच्या, काहीतरी करू," मी म्हणाले. "तुम्ही ठरवा काय लावायचं ते."

ह्यांनी पिशवी पुढे केली. आत भाताच्या कोंड्यात बसवलेली सहा अंडी होती.

"पोशीबाईंनी दिली. आज पहाटे मी निघालो तेव्हा रस्त्यावर उभ्याच होत्या, जणू वाट बघत होत्या. निरोप सांगितलाय तुला. म्हणाल्या, 'बायला सांग, मी बी याला डालग्याखाली नाय घातला.'" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे काय गं?"

"अंडी ताजी आहेत, असं म्हणायचंय त्यांना. सदरा काढा, शेणाचा वास येतोय."

ह्यांनी सदरा काढून दिला. मी तो घेऊन न्हाणीत गेले, बादलीत गरम पाणी आणि साबण घातला. वरच्या खिशातून कागदाची कड दिसत होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी खिसे न तपासता कपडा भिजत घातला.